ठकूच्या दारात वाकायचं नाही

साहेब, परत या. हो, तुम्हीच, निळी टोपी. रागावू नका, पण तुम्ही वाकून गेलात, आणि या दारातून वाकून गेलेल्याला आम्ही परत बोलावतो. पुन्हा जायला लावतो. ही माझी लहर नाही, हिवरकोटचा रिवाज आहे. मी तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो; माणसांना पुढं सरका म्हणायची मला सवय, मागं या म्हणायची नाही. पण या दाराशी माझाही इलाज चालत नाही.

तुमचं फार चुकलं असंही नाही म्हणा. दार लांबून दिसतंच बुटकं. रुंदीला चार हात, आणि वरचा दगड असा आडवा टाकलेला की कुणाचीही मान आपोआप खाली जाते. मोठमोठे अधिकारी इथं वाकलेत आणि आमच्या वाडीतल्या म्हाताऱ्यांनी त्यांना मागं बोलावलंय. आता जवळ जाऊन बघा, हात वर करा. तुमच्या टोपीच्या वर वीतभर जागा शिल्लक आहे. मग ते बुटकं का दिसतं? कारण ते बुटकंच बांधलं होतं, आणि तेही मुद्दाम. उंच ते नंतर झालं. वरचा दगड मात्र बसवल्या दिवसापासून जागचा हललेला नाही. हे कसं झालं ते सांगतो. बसा सगळे त्या चौथऱ्यावर, पाणी प्या. सकाळपासून पाऊण कोट पायाखाली घातलाय तुम्ही, आता घाई कसली.

सकाळी पूर्ववेशीपासून निघालो तेव्हा मी तुम्हाला भिंतीला हात लावायला सांगितलं होतं, आठवतंय? काळा दगड, एकेक म्हशीएवढा, आणि दोन दगडांच्या मध्ये चुन्याचा ठिपका नाही. शेजारच्या दगडाचं अंग बघून पुढचा घडवलेला. मग आपण बुरुजावर चढलो, तिथं वरच्या थरांत चुना दिसला, त्याच्याही वर वीट दिसली. ती सगळी नंतरच्या राजवटींची डागडुजी. खालचं काम कुणाचं, कधीचं, याचा कागद नाही. मागं शहरातून काही अभ्यासक आले होते. फूटपट्ट्या घेऊन चार दिवस कोटाभोवती फिरले आणि जाताना मलाच विचारून गेले. मी म्हटलं, आम्ही त्याला कोटवाला राजा म्हणतो, नाव आम्हालाही ठाऊक नाही. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

कोटाची फेरी पायीच करायची, हेही तेव्हापासूनचं. घोड्यावरून किंवा गाडीतून आम्ही कोटाला वळसा घालत नाही. हा कोट आधी पायांनी आखला आणि मग हातांनी बांधला, असं सांगतात.

त्या काळी डोंगरापलीकडून लुटारूंच्या टोळ्या यायच्या म्हणे. सुगी झाली, कणग्या भरल्या, की यायच्या. ओळीनं दोन वर्षं गाव धुऊन निघालं, तेव्हा राजानं कोट घालायचं मनावर घेतलं. पण कोटाची रेघ दोरी ताणून आणि खुंट्या ठोकून ठरवायची नाही, नांगरानं ठरवायची, अशी त्या लोकांची रीत होती. दिवस अक्षय्य तृतीयेचा. आमच्याकडे आखिती म्हणतात. सूर्य वर येताना एकाच गाईचे दोन पांढरे बैल जुंपायचे आणि गावाभोवती एक रेघ ओढायची. निघालेलं ढेकूळ बाहेरच्या बाजूला पडलं तर मागून चालणारी माणसं ते उचलून आत टाकायची, म्हणजे गावाची माती गावात राहिली.

या कामाचे नियम दोनच होते, पण कडक. फाळ जिथं जमिनीत गेला तिथं भिंत, आणि नांगर जिथं उचलून धरला तिथं दार. दुसरा नियम असा, की बैल एकदा निघाले की रेघ जुळेपर्यंत थांबायचे नाहीत. थांबले तर रेघ मोडली आणि कोट पुढच्या आखितीपर्यंत लांबला. फाळ न गेलेल्या जमिनीवर भिंत घातली तर ती उभी राहत नाही, अशी राजापासून गुराख्यापर्यंत सगळ्यांची पक्की खात्री होती. तुम्ही हसाल. पण ज्यांना ही खात्री होती त्यांची भिंत अजून उभी आहे, आणि आमच्या वाडीत मागच्या साली सिमेंटनं बांधलेली संरक्षक भिंत आडवी झाली, एवढं लक्षात असू द्या.

राजाचा कारभारी नागदेव नावाचा होता. हुशार माणूस, कामाचा माणूस. त्यानं चार दिशांना चार वेशी ठरवल्या. पाचवं दार म्हणजे पाचवा पहारा, आणि लुटारूंना पाचवी वाट. यात खोटं काही नव्हतं. त्यानं असंही ठरवलं की कुंभारवाडा कोटाबाहेर राहील. मडकी भाजायचा आवा पेटला की ठिणग्या उडतात, आणि गावात सगळी गवताची छपरं. यातही खोटं नव्हतं. कुंभारांनी ते मुकाट मान्य केलं. लुटारूंना मडकी कशाला हवीत, असंही कुणी बोललं म्हणे. सगळं अडलं ते पाण्यावर.

आपण दार ओलांडून आत गेलो की डाव्या हाताला एक विहीर लागेल. तिला गोडी विहीर म्हणतात. कुंभारवाडा, म्हणजे आताची आमची वाडी, तेव्हाही इथंच, या चौथऱ्याच्या मागं होता. म्हणजे विहीर घरापासून दोनशे पावलांवर. मध्ये भिंत आली की उत्तरवेशीला वळसा घालून पाऊण कोस. बाहेर पाणी म्हणाल तर हा खालचा ओढा, आणि तो मचूळ. ते पाणी पिऊन तहान भागत नाही. त्यात माती भिजवली तर मडकं भाजल्यावर त्याच्या अंगावर मिठाचा पांढरा थर फुटतो आणि महिन्याभरात पोपडे सुटतात. पोपडे धरणारं मडकं कोण घेणार? गोडी विहीर तुटली की कुंभारवाडा तुटला, हे चाकावर बसणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं.

त्या वाड्यात ठकू नावाची एक सून होती. पंचविशीची, दोन लेकरांची आई, अंगानं बुटकी. वाड्यातले पुरुष इथं एक दार मागायला कारभाऱ्याकडे एकदा जाऊन आले आणि गप्प बसले. ठकू तीनदा गेली. तिसऱ्या खेपेला कारभारी वैतागून म्हणाला, "पाणी काय पळून चाललंय का, बाई? चार पावलं जास्त चाला." ठकू दुसऱ्या दिवशी भरली घागर डोक्यावर घेऊन त्या वळशानं चालून आली. अडीच हजार पावलं झाली. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "आता नाद सोड, ठके. राजापुढं कुणाचं चालत न्हाई."

ठकूनं घागर उतरवली. "राजापुढं न्हाई चालत," ती म्हणाली, "पर नांगरापुढं राजाचंबी चालत न्हाई."

आखिती उजाडली. नांगर धरायला सिदोबा होता. साठीला टेकलेला, बोलायला कमी, आणि पंचक्रोशीत त्याच्याइतकी सरळ रेघ कुणी ओढत नसे. सकाळी आपण चहा प्यायलो त्या पिंपळापाशी नांगर जुंपला. कारभाऱ्यानं आदल्या दिवशीच सगळ्या वाटेवर राखेचे ठिपके टाकून ठेवले होते. पुढं बैल, मागं सिदोबा, त्याच्या मागं ढेकळं उचलणारी माणसं, आणि सगळ्यांच्या बराच मागं राजा. तोही अनवाणी, पायी. दक्षिणवेस झाली, पश्चिमवेस झाली. दोन्हीकडे सिदोबानं ठरल्या जागी नांगर उचलला, ठरल्या जागी टेकवला. उन्हं तापायला लागली होती. आणि या जागेपासून तीस पावलांवर आला तेव्हा त्याला दिसलं की इथं राखेच्या ठिपक्यांवर कुणीतरी आडवं झालंय.

ठकू उताणी पडली होती. पाय नांगराकडे, तोंड आभाळाकडे, आणि दोन्ही हात डोक्यामागं जितके ताणता येतील तितके ताणलेले. पडायचंच आहे तर मिळेल तेवढं माप मिळवावं, असा तिचा हिशेब होता म्हणे. बुटक्या माणसाला ही अक्कल लवकर येते.

सिदोबा ओरडला, "ऊठ पोरी, जीव जाईल." ती उठली नाही. तिनं डोळेसुद्धा मिटले नाहीत. मागून कारभाऱ्याचा आवाज आला, "थांबू नकोस. नांगर दाबून धर, ती आपोआप उठेल." बैल तर चाललेच होते. त्यांना थांबवलं तर वर्षाचं काम वाया, आणि त्या वर्षात लुटारू पुन्हा येणार. नांगर दाबला तर फाळ या बाईच्या अंगावरून जाणार. विचार करायला सिदोबाजवळ आता मोजून दहा पावलं होती. दोन्ही बैल तिच्या दोन अंगांनी निघाले. एकाचा खूर तिच्या कानापासून बोटभर अंतरावर पडला. सिदोबानं दोन्ही हातांनी नांगर उचलला, आणि फाळाला लागलेली माती तिच्या तोंडावर सांडत गेली.  तिच्या बोटांची टोकं मागं पडेपर्यंत त्यानं नांगर टेकवला नाही.

दुपारी पिंपळापाशी रेघ जुळली. राजानं विचारलं, नांगर किती ठिकाणी उचलला? कारभारी पुढं झाला आणि म्हणाला, चार ठिकाणी, एका जागी दगड लागून जरा उडाला, तिथं पुन्हा फिरवून घेतो. सगळ्यांनी सिदोबाकडे पाहिलं. त्यानं नुसती मान हलवली असती तरी गोष्ट तिथंच संपली असती.

"दगड नव्हता, महाराज," सिदोबा म्हणाला. "बाई होती. म्या माझ्या हातांनी उचललाय. पाच जागी."

 राजानं काठी मागवली आणि स्वतः चालत इथं येऊन न नांगरलेली जागा मोजली. चार हात भरली. त्यानं हुकूम दिला की इथं चार हात रुंदीचं दार ठेवा. राजाला आनंद झाला होता असं कुणी सांगत नाही. पण त्यानं आपली रीत मोडली नाही, आणि आमच्या लेखी तेवढं पुरे आहे.

कारभारी मात्र हरणाऱ्यातला नव्हता. दगड चढवायची वेळ आली तेव्हा गवंड्यांनी त्याला विचारलं, दाराची उंची किती ठेवू? नांगरानं रुंदी सांगितली होती, उंची सांगितली नव्हती. कारभाऱ्यानं ठकूला बोलावून भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि तिच्या डोक्याला टेकवून कोळशाची खूण केली. "दार हिनं मागितलंय," तो म्हणाला, "हिच्याच मापाचं द्या." सव्वातीन हात. हा वरचा अख्खा दगड त्या खुणेवर बसवला. ठकू जेमतेम जाईल, पण तिच्या डोक्यावरची घागर जाणार नाही, असं ते माप होतं.

भरली घागर डोक्यावरून उतरवायची म्हणजे काय, हे तुमच्यातल्या बायकांना सांगायला नको. दाराशी यायचं, कुणाला तरी हाक मारायची, घागर खाली घ्यायची, वाकून पलीकडे सरकवायची, पुन्हा चुंबळ नीट करायची, पुन्हा कुणीतरी हात लावून चढवायची. पाणी हिंदकळून निम्मं जायचं. बाजारला मडक्यांची उतरंड घेऊन जाणाऱ्या बायांची तर एकेक उतरंड इथं उतरायची, आणि रोज दोन-तीन मडक्यांना तडा. पहारेकरी बघत बसायचे. म्हणे कारभारीही एकदोनदा येऊन बघून गेला.

पहिल्या दिवशी ठकू पाणी घेऊन आली, घागर उतरवली, वाकून बाहेर आली. आणि सगळ्या वाड्यासमोर तिनं शब्द टाकला. "डोक्यावर भरली घागर घेऊन, मान ताठ ठेवून या दारातनं जाता येईल, तवाच म्या गोड्या हिरीचं पाणी पिईन. तवर वढ्याचं." नवरा म्हणाला, अगं, पाणी मिळालं ना? ती म्हणाली, "पाणी मिळालं. दार न्हाई मिळालं अजून."

आणि दगड वर सरकत नाही म्हणून तिनं भुई खाली न्यायला घेतली.

कोटाच्या पायाशी कुदळ, पहार, फावडं लावणाऱ्याचा हात तोडायचा, असा हुकूम होता. तेव्हा हत्यार नाही. येता-जाता ठकू खाली बसायची आणि दारातली एक मूठ माती उचलायची. तिचं बघून जावांनी उचलली, मग सगळ्या वाड्यातल्या बायांनी. वरची माती मऊ होती, पहिल्या वर्षी चार बोटं गेली. मग मुरूम लागला. नखं तुटली. तेव्हा बायांनी काय केलं, विहिरीवरून येताना ओंजळभर पाणी दारात सांडायला लागल्या. रात्रभर मुरूम भिजायचा आणि सकाळी चिमूटभर सुटायचा. माती कशी नरमते हे कुंभारणीला कुणी शिकवायचं? पावसाळ्यात वरून गाळ वाहून यायचा आणि दार पुन्हा भरायचं. दिवाळीपर्यंत तो गाळ उपसायचा, आणि मग नव्यानं चिमूट चिमूट सुरू.

कारभाऱ्याच्या कानावर हे गेलंच. त्यानं ठकूला राजापुढं उभं केलं. कोट पोखरतेय, म्हणाला. राजानं पहारेकऱ्यांना विचारलं, हिच्या हातात कुदळ दिसली का? नाही दिसली. मग राजानं तिला विचारलं, तू करतेस तरी काय?

"कुंभारीण हाय म्या, महाराज," ठकू म्हणाली. "पायाखाली माती दिसली की उचलते. आमचा धंदाच त्यो."

राजा म्हणे हसला, आणि तिला जाऊ दिलं. तिनं खोटंही सांगितलं नव्हतं. ती मूठभर माती नेऊन रोजच्या मळलेल्या गोळ्यात मिसळायची. गावातल्या प्रत्येक घरच्या माठात या दाराची थोडी थोडी माती होती. कारभाऱ्याच्या माजघरात माठ होता, तोही कुंभारवाड्याचाच. तो त्यातलं थंड पाणी पीत होता आणि इकडे दार उंच होत होतं. ही गोष्ट सांगताना मला दर वेळी बरं वाटतं, लपवत नाही.

सिदोबाचा नांगराचा मान कारभाऱ्यानं काढून घेतला. बैल गेले, वावर गेलं. तो कुंभारवाड्यात येऊन राहिला आणि मरेपर्यंत माती तुडवायचं काम करत राहिला. ठकू त्याला बाप म्हणायची. दार पुरं झालेलं बघायला तो राहिला नाही, याचं तिला शेवटपर्यंत वाईट वाटलं.

वर्षं गेली. दर आखितीला ठकू एक घागर गेरूनं माखायची. कोरड्या नव्हे, ओल्या गेरूनं, काठापर्यंत. वाड्यातली एखादी बाई ती भरून डोक्यावर घ्यायची आणि दारातून निघायची. आधी घागर सरळ दगडावरच अडायची. पुढं पुढं काठ घासत जायला लागला. घागर वरच्या दगडाला लागली की दगडाच्या पोटाला लाल डाग. तुम्ही आता आत जाताना वर बघा, ते डाग अजून आहेत. पुसायचे नाहीत, असा दंडक आहे. डाग पडला की ठकू म्हणायची, "पुढच्या साली," आणि ओढ्यावर जाऊन ओंजळीनं तेच मचूळ पाणी प्यायची.

तोवर राजा गेला, कारभारीही गेला. नवा राजा तरुण होता. त्याच्या कानावर ही हकिगत आली तेव्हा त्याला लाज वाटली. तो स्वतः इथं आला आणि म्हणाला, आजी, झालं गेलं विसरा, मी उद्याच दगड उतरवून हातभर वर बसवतो. सगळा वाडा खूश झाला. नुसत्या एका दिवसाचं काम होतं.

ठकू नको म्हणाली.

"तुमी दगड वर केला, तर उद्या दुसरा राजा खाली करंल," ती म्हणाली. "म्या भुई खाली न्हेली, तर ती वर कोण आणणार?" नवा राजा तसाच परत गेला. वाड्यातले बरेच जण तिच्यावर चिडले असं सांगतात, आणि मला विचाराल तर मीही चिडलो असतो. जवळजवळ होत आलं होतं, आणि बाई हट्टाला पेटलेली. पण तिच्या बोलण्यात चूक काय होती, ते मला अजून सापडलेलं नाही.

चाळीस वर्षं झाली असं सांगतात. ठकू कमरेत वाकली. एका सकाळी ती डोक्यावर भरली कळशी घेऊन, एका हातानं ती सावरत, काठी टेकत दारातून बाहेर आली, आणि कळशी दगडाला लागली नाही. सगळ्यांनी पाहिलं. सून धावत आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आत्या, झालं की आता," ती म्हणाली. "कळशी लागली न्हाई. घ्या आता गोडं पाणी."

ठकूनं कळशी खाली ठेवली आणि मागं वळून दाराकडे पाहिलं. "दार कुटं उंच झालंय," ती म्हणाली. "म्याच वाकलेय."

आणि ओढ्याकडे गेली. म्हातारीचा घसा चाळीस वर्षं त्या पाण्यानं सुकला होता, आणि गोड्या पाण्याची कळशी तिच्याच हातानं घरी पोचती झाली होती.

पुढच्या आखितीला तिनं नातीला बोलावलं. नातीचं नाव हौसा. पंधरा वर्षांची, आणि घरात कुणावर गेली कोण जाणे, सगळ्या वाड्यात उंच. ठकूनं मुद्दाम तिलाच निवडलं. बुटक्या बाईला दार पुरलं तर ते दार पुरलं असं तिच्या लेखी होत नव्हतं. तिनं स्वतः घागर गेरूनं माखली, सुनेनं ती विहिरीवर भरून हौसाच्या डोक्यावर ठेवली. ठकू बाहेरच्या बाजूला, बहुतेक तुम्ही बसलाय तिथंच, येऊन बसली. हौसाला तिनं एकच सांगितलं होतं. "दगडाकडं बघू नगंस. माझ्याकडं बघत ये. आन मान खाली घातलीस तर परत धाडीन."

हौसा आली. मान ताठ, नजर आजीवर. दाराखाली शिरली, बाहेर पडली. पाण्याचा थेंब सांडला नाही. ठकू काठीवर भार देऊन उठली, दाराखाली गेली आणि मोठ्या कष्टानं मान वर करून दगडाचं पोट पाहिलं. जुने डाग होते, वाळलेले. तिनं हात वर केला, पण तिचा हात आता तिथवर पोचत नव्हता. म्हणून तिनं सुनेला सांगितलं, सगळीकडे बोट फिरव. सुनेनं बोट फिरवून दाखवलं. कोरडं होतं.

ठकू बाहेर येऊन बसली. हौसानं घागर उतरवली आणि वाटीनं पाणी काढलं. पहिली वाटी ठकूनं जमिनीवर ओतली, सिदोबाच्या नावानं. आखितीला गेलेल्यांना पाणी द्यायचं असतंच. दुसरी वाटी ती प्यायली. घोट तोंडात बराच वेळ धरून ठेवला. सगळा वाडा तिच्या तोंडाकडे बघत होता. शेवटी कुणीतरी विचारलं, कसं हाय, आत्या?

"गार हाय," ठकू म्हणाली. "घागर चांगली भाजलीय."

मग ती म्हणाली, आता माती उचलायची नाही. इथून पुढं खणलं तर भिंतीला धोका, आणि ही भिंत आपलीही आहे.

हे सगळं खरं कशावरून, असं तुम्ही मनात म्हणत असाल. मी पण शाळेत असताना म्हणायचो. या इकडे, दाराच्या आतल्या अंगाला बघा. गुडघ्याच्या जरा वर ही एक रेघ दिसते का? रेघेच्या वरचा दगड घडवलेला आहे, गुळगुळीत. रेघेच्या खालचा ओबडधोबड, छिन्नीसुद्धा धड लागलेली नाही. पायाचा दगड कोण घडवत बसतो? तो जमिनीत जायचा असतो. ही रेघ म्हणजे कोटवाल्या राजाच्या वेळची जमीन. तिच्या खालचा सव्वा हात कुणी काढला, याचं दुसरं उत्तर त्या फूटपट्टीवाल्यांनाही देता आलं नाही.

आजही आखितीला हिवरकोटात कोटाभोवती नांगर निघतो. राजा नाही, तर ज्याच्या घरी त्या वर्षी सून आली तो नांगर धरतो. सगळं गाव पायी मागं चालतं. चारही वेशींत नांगर उचलतात, आणि इथं आमच्या वाडीतली एक बाई आडवी पडते, हात मागं ताणून. पाचव्यांदा नांगर उचलतात. मग एक मुलगी, त्या साली वाडीत सगळ्यात उंच असेल ती, ओल्या गेरूची घागर घेऊन दारातून येते. पहिली वाटी सिदोबाला. दुसरी वाडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला. गेली सहा वर्षं ती माझी आई पितेय. दर साली पाणी पिऊन ती एकच वाक्य म्हणते, तुम्हाला आता ते ठाऊक आहे.

चला साहेब, उठा. आता पुन्हा जा. मी इथून बघतो. हळू चाललात तरी चालेल, फक्त मान खाली घालू नका. दार आपलं दिसेल बुटकं, दिसू द्या. नाही, नाही, टोपी काढू नका. टोपीसकट जा. वर जागा आहे ना, ती घागरीची आहे.